मेंढ्यांचे संसर्गजन्य लंगडेपण : ओळख, उपचार आणि खबरदारी

पावसाळ्यात कळपातली एक मेंढी लंगडते आणि पंधरा दिवसांत पाच-सहा लंगडू लागतात. काटा लागला असेल म्हणून आपण सोडून देतो, तिथेच नुकसान सुरू होते. बकरी ईदसाठी जनावर पाळणाऱ्या घरांना याचा फटका दुहेरी. लंगडी मेंढी चरत नाही, वाळते. आणि जिचे लंगडणे उघड दिसते ती कुर्बानीला चालत नाही.

बहुतेक वेळा कारण असते फूट रॉट, म्हणजे खूर सडणे. डायकेलोबॅक्टर नोडोसस नावाचा जिवाणू हे करतो. चिखलाने खुरांच्या बेचक्यातली कातडी मऊ पडली की तो आत शिरतो. आधी बेचका लाल होतो, पांढरट साय धरते. पुढे खुराचे कवच आतल्या मांसापासून सुटते आणि एक घाण वास येतो. तो एकदा घेतला की विसरत नाही. पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर मेंढी गुडघ्यावर बसून चरते.

मात्र तोंडात फोड, लाळ, ताप असेल आणि गाई-म्हशीही लंगडत असतील तर ती लाळ्या-खुरकूत समजावी. तोंड सुजले, नाक वाहू लागले तर निळी जीभ असू शकते. अशा वेळी घरगुती इलाज नको, लगेच सरकारी दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा.

फूट रॉटवर खरा इलाज अँटिबायोटिकचा. डॉक्टर वजन पाहून लाँग अ‍ॅक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लीनचे इंजेक्शन देतात, खुरावर त्याच औषधाचा फवारा मारतात. लंगडणे दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत उपचार झाला तर मेंढी लवकर सावरते, कळपही वाचतो. खूर तासायची मात्र घाई नको. आपल्याकडे रक्त येईपर्यंत खूर छाटायची सवय आहे. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांना उलटे दिसले : छाटल्याने जखम भरायला जास्त वेळ लागतो. शिवाय एकाच सुरीने रोग पुढच्या मेंढीला जातो.

एक मुद्दाम सांगतो. खूर धुवायला बरेच जण मोरचूद वापरतात. मोरचूद म्हणजे तांबे, आणि मेंढीला तांबे फार लवकर बाधते; ते पाणी प्यायली तर जिवावर बेतते. त्यापेक्षा झिंक सल्फेट बरे. १० लिटर पाण्यात १ किलो विरघळवून त्यात मेंढ्या पंधरा मिनिटे उभ्या कराव्यात, नंतर तासभर कोरड्या, कडक जागी. आधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे त्या औषधात तोंड घालत नाहीत.

हा जिवाणू मेंढीच्या पायात महिनोन्‌महिने राहतो, पण मोकळ्या जमिनीत साधारण आठ-दहा दिवसांच्या पुढे सहसा टिकत नाही. म्हणून रोगी जनावरे वेगळी काढून जुना वाडा दोन आठवडे रिकामा ठेवला तरी बराच फरक पडतो. बाजारातून आणलेली मेंढी तीन-चार आठवडे वेगळी बांधावी. विकत घेताना चारही पाय उचलून बघावेत, विकणाऱ्याला राग आला तरी चालेल. इलाज करूनही पुन्हापुन्हा लंगडणारी मेंढी पैदाशीला ठेवू नये.

इंजेक्शन दिलेल्या जनावराचे दूध-मांस किती दिवस वापरायचे नाही, हे बाटलीवर लिहिलेले असते. मांसासाठी ते काही आठवडेही असू शकते. ईद जवळ आली असेल तर इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना तारीख सांगा. पाय बरा होऊन चाल सुधारली, पण थोडी शंका उरली, तर जनावर दाखवून आपल्या मशिदीच्या आलिमांना मसला विचारून घ्यावा.