शरीरांतील जुने बिऱ्हाडकरू

घरांतील वृद्ध माणसास नागीण उठली, कीं ‘वयच झालें, चालायचेंच’ असें म्हणून आपण त्याच्या वेदनेची बोळवण करितों. नागिणीचीं दोन्ही टोंकें कमरेभोंवतीं मिळालीं तर माणूस दगावतो, ही समजूत निराधार असूनहि तिची धास्ती मात्र सर्वांस असते. वार्धक्य म्हणजे केवळ झीज, या कल्पनेस अशा दुखण्यांच्या इतिहासानें कसा धक्का दिला, तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालरोगवैद्य बोकाय यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. घरांत मोठ्या माणसास नागीण झाली, कीं कांहीं दिवसांनीं तेथील मुलांस कांजिण्या येत. दोहोंचें मूळ एक असावें हा त्यांचा तर्क मान्य होण्यास बराच काळ लागला. पुढें इंग्लंडांतील सिरेन्सेस्टर या लहानशा गांवचे डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांनीं १९४७ पासून १९६२ पर्यंत, सोळा वर्षें, आपल्या रोग्यांतील नागिणीची नोंद ठेविली. एकंदर १९२ रोगी भरले. दहा वर्षांखालील मुलांत वर्षाला हजारीं एकहि प्रमाण पडेना. ऐंशीच्या पुढें तें हजारीं दहा झालें. १९६५ सालीं त्यांनीं प्रतिपादन केलें, कीं कांजिण्यांचा विषाणु रोगी बरा झाल्यावर निघून जात नाहीं. तो ज्ञानतंतूंच्या गांठींत दडून बसतो, आणि प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला, कीं नागीण होऊन बाहेर येतो. १९८४ सालीं एकाच रोग्याच्या कांजिण्यांतील व नागिणींतील विषाणु ताडून पाहतां ते एकच ठरले.

पहारा ढिला पडतो तो केवळ वयामुळें, असें तोंवर वाटत होतें. पण पहाऱ्याचाच खर्च डोईजड झाला तर? हा प्रश्न त्याच कुळांतील दुसऱ्या विषाणूनें पुढें आणिला. जर्मनींत रिबर्ट यांना १८८१ सालीं एका मृत बालकाच्या मूत्रपिंडांत विलक्षण फुगलेल्या पेशी दिसल्या होत्या. त्यांचें कारण असलेला विषाणु १९५६-५७ च्या सुमारास तिघा संशोधकांनीं स्वतंत्रपणें वेगळा काढला. तोच सायटोमेगालो विषाणु. निरोगी माणसांत तो बहुधा जन्मभर मुकाट राहतो. परंतु त्याच्यावर नजर ठेवण्यांतच शरीराच्या स्मरणशील संरक्षक पेशींपैकीं सुमारें एक दशांश गुंततात, असें २००५ सालीं दिसून आलें. इकडे नवे शिपाई तयार करणारी छातींतील ग्रंथि तारुण्यानंतर सुकत जाते. गडाची शिबंदी एकाच दरवाजावर अडकावी आणि नवी भरतीहि थांबावी, तशी ही अवस्था होय.

स्वीडनमधील पंच्याऐंशीच्या पुढील वृद्धांच्या पाहणींत रक्तपेशींची एक विशिष्ट विषम ठेवण आढळली. ज्यांच्या ठायीं ती होती त्यांच्यांत पुढील कांहीं वर्षांत मृत्यूचें प्रमाण अधिक होतें. या ठेवणीचा सायटोमेगालोशीं असलेला संबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला. तथापि हा बिऱ्हाडकरू घरास जीर्ण करितो, कीं जीर्ण घरांत तो अधिक जाणवतो, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. उलट २०१५ सालच्या एका अभ्यासांत, हा विषाणु अंगीं असलेल्या तरुणांनींच इन्फ्लुएन्झाच्या लसीस अधिक चांगला प्रतिसाद दिला! तरुणपणीं जो पहाऱ्यास जागता ठेवितो, तोच म्हातारपणीं त्यास थकवीत असेल, असें मानण्यास जागा आहे.

नागिणीपुरता तरी या इतिहासाचा शेवट गोड आहे. २००६ सालीं अमेरिकेंत तिची पहिली लस मान्य झाली. पण ज्यांना ती सर्वांत अधिक हवी, त्या अतिवृद्धांतच ती उणी पडे. २०१७ सालीं मान्य झालेल्या लसीनें मात्र सत्तरीपुढील माणसांतहि शेंकडा नव्वदच्या जवळपास संरक्षण दिल्याचें प्रयोगांत दिसलें होतें. म्हणजे थकलेला पहारेकरी मेलेला नसतो. त्यास योग्य रीतीनें हांक मारिली, तर तो उठतो. तेव्हां ‘वयच झालें’ हे शब्द तोंडांतून काढण्यापूर्वीं आपण थोडें थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.