लेड झेपेलिन आणि चोरट्या तबकड्यांचा संग्रह

रॉक संगीताच्या इतिहासात अधिकृत ध्वनिमुद्रिकांच्या बरोबरीने आणखी एक परंपरा चालत आली आहे. तिची नोंद कोणत्याही कंपनीच्या हिशेबवहीत सापडत नाही. या परंपरेतील तबकड्यांना 'बूटलेग' म्हणतात. बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्या अमेरिकेतील चोरट्या विक्रेत्यांवरून हा शब्द रूढ झाला. खपाऊ ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब बनावट प्रत काढणे हा निराळा उद्योग होय. बूटलेगमध्ये कंपनीने कधी प्रसिद्धच न केलेले संगीत असते: श्रोत्यांत बसून चोरून टिपलेली मैफल, रेडिओवरून उतरवून घेतलेला कार्यक्रम किंवा स्टुडिओतून बाहेर पडलेली फीत. संग्राहक हा भेद कटाक्षाने पाळतात. कलावंताला मोबदला मात्र दोन्हींतून मिळत नाही.

या प्रकारातील पहिली गाजलेली रॉक ध्वनिमुद्रिका १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजलिसमध्ये अवतरली. बॉब डिलन यांची अप्रकाशित गाणी असलेल्या या दोन तबकड्या कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकल्या गेल्या आणि 'ग्रेट व्हाइट वंडर' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ओकलंड येथे झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाची तबकडी महिन्याभरातच दुकानांत दिसू लागली. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वामित्वहक्काचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले. तोवरच्या पळवाटेत या धंद्याने मूळ धरले होते. डिलन यांच्या तबकड्या काढणाऱ्यांनीच पुढे 'ट्रेडमार्क ऑफ क्वालिटी' हा शिक्का चालवला. त्यावर डुकराचे चित्र असे. चोरीच्या मालावर गुणवत्तेची ग्वाही देण्याचा हा मिश्कीलपणा चाहत्यांना भावला.

लेड झेपेलिन या धंद्याचे मोठे लक्ष्य ठरावे, याला संगीताच्या अंगाने कारण होते. जिमी पेज, रॉबर्ट प्लान्ट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनहॅम यांचा हा ब्रिटिश संच १९६८ मध्ये उभा राहिला. स्टुडिओत साडेसहा मिनिटांत आटोपणारे 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' रंगमंचावर अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही लांबे. त्यातील विस्तार रोज वेगळा असे. असे असूनही बॉनहॅम यांच्या निधनानंतर १९८० मध्ये संच विसर्जित होईपर्यंत त्यांची एकच अधिकृत मैफल-ध्वनिमुद्रिका निघाली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जुलै १९७३ च्या कार्यक्रमांवर आधारलेली ती १९७६ मध्ये आली. बाकीचा सारा अवकाश बूटलेगवाल्यांनी भरून काढला.

त्यांतील आद्य आणि आजही सर्वांत मानाची तबकडी म्हणजे 'लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल'. लॉस एंजलिसलगतच्या फोरम सभागृहात ४ सप्टेंबर १९७० रोजी झालेला हा कार्यक्रम. फॅट्स डॉमिनो यांनी लोकप्रिय केलेले 'ब्लूबेरी हिल' हे गाणे संचाने अखेरीस वाजवले, म्हणून हे नाव. त्या संध्याकाळी किमान दोन स्वतंत्र गट श्रोत्यांत ध्वनिमुद्रण करीत होते आणि दोघांच्याही तबकड्या बाजारात आल्या. त्यांपैकी 'ब्लिम्प' या नावाखाली निघालेली मूळ आवृत्ती हाती लागणे ही संग्राहकाच्या आयुष्यातील मोठी घटना मानली जाते.

संचाचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांना हा प्रकार मुळीच सहन होत नसे. लंडनच्या एका दुकानात झेपेलिनच्या चोरट्या तबकड्या असल्याचे कळताच ते जातीने तेथे गेले आणि सर्व प्रती ताब्यात देण्याची मागणी केली. १९७१ मध्ये व्हँकुव्हरच्या कार्यक्रमात त्यांनी एक संशयास्पद यंत्र स्वतः फोडून टाकले. ते ध्वनिमुद्रणाचे नव्हतेच. शहराच्या अधिकाऱ्यांनी आवाजाची पातळी मोजण्यासाठी आणले होते. पेज यांचा दृष्टिकोन मात्र पुढे बराच निवळला. टोकियोतील दुकानांत जाऊन आपल्याच संचाची बूटलेग चाळणारे पेज हा जपानी चाहत्यांच्या परिचयाचा विषय आहे.

संग्राहकाचे खरे कसब मूळ आवृत्ती ओळखण्यात असते. तबकडीचे ध्वनी प्रथम लाखेचा लेप दिलेल्या चकतीवर कोरले जातात, त्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांनी विनाइल दाबले जाते. चोरट्या निर्मात्याजवळ बहुधा साच्यांचा एखादाच संच असे. साचे झिजले, जप्त झाले किंवा भागीदारी मोडली की दुसरा कोणी बाजारातील तबकडीवरूनच नवी तबकडी काढी. अशा नकलेत मूळ तबकडीची खरखरही कोरली जाते. त्यामुळे जाणकार वेष्टनापेक्षा लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीकडे आधी पाहतो. तेथे हाताने कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक असतात. अक्षराची ढब, एखादा खोडलेला आकडा, दोन बाजूंच्या क्रमांकांतील विसंगती यांवरून तबकडी कोणत्या साच्यातून निघाली, याचा माग लागतो.

वेष्टनही साक्ष देते, पण त्यावर विसंबता येत नाही. प्रारंभीच्या तबकड्या कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यात येत. त्यावर रबरी शिक्क्याने नाव उमटवलेले असे किंवा गाण्यांची यादी छापलेला रंगीत कागद वरून लावलेला असे. हा कागद हरवला की किंमत निम्म्यावर येऊ शकते. तो नव्याने छापून घालणे अगदी सोपे असल्याने फसवणूकही तेथेच अधिक होते. पुढे विल्यम स्टाउट यांच्यासारख्या कुशल चित्रकाराने रोलिंग स्टोन्स, यार्डबर्ड्स आदींच्या बूटलेगसाठी वेष्टने रेखाटली. आज ती चित्रांसाठीही जपली जातात.

ध्वनीचा दर्जा हा या छंदातील कायमचा वादाचा विषय. टाळ्या, शेजारच्या श्रोत्याची बडबड, सभागृहाचा घुमारा, बॅटरी उतरल्याने बदललेला वेग, हे सारे तबकडीत उतरते. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत नीट मावत नसल्याने लांबलेली गाणी मध्येच तोडावी लागत. १९७७ च्या दौऱ्यातील तीन तासांचे कार्यक्रम तर तीन-चार तबकड्यांवर पसरले. त्याच दौऱ्यातील क्लीव्हलँडचा २७ एप्रिलचा कार्यक्रम 'डिस्ट्रॉयर' या नावाने आला. तो थेट ध्वनिव्यवस्थेच्या यंत्रावरून घेतलेला असल्याने स्वच्छ आहे. पण त्यात सभागृहाचा श्वास नाही, अशी तक्रार जुने संग्राहक करतात. ते त्याच वर्षीच्या २१ जूनच्या लॉस एंजलिस येथील मुद्रणाचे उदाहरण देतात. माइक मिलार्ड यांनी ध्वनिमुद्रक चाकाच्या खुर्चीत लपवून आत नेला आणि श्रोत्यांतून इतके सुस्पष्ट मुद्रण केले की त्याला तोड मिळणे अवघड आहे. मिलार्ड स्वतः विक्री करीत नसत. त्यांच्या फितींवर पैसा इतरांनी कमावला.

कायद्याची चौकट देशागणिक वेगळी राहिली. ब्रिटनमध्ये कलावंतांच्या संमतीविना सादरीकरणाचे मुद्रण १९२५ च्या कायद्यापासूनच गुन्हा होता. अमेरिकेत थेट मैफलीचे चोरटे मुद्रण व विक्री यांवर १९९४ मध्ये संघराज्यीय बंदी आली. भारतातही सादरकर्त्यांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात समाविष्ट झाला. तोवर विनाइलचा काळ सरून बूटलेगचा धंदा सीडीकडे वळला होता. विनाइलच्या अखेरच्या दिवसांत, १९८० च्या दशकाच्या शेवटी, झेपेलिनच्या सत्तर तबकड्यांची 'फायनल ऑप्शन' ही अवाढव्य पेटी निघाली. ती सर्व ऐकून संपवणारे थोडेच असावेत.

या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९७२ मध्ये पेज आणि प्लान्ट यांनी मुंबईत भारतीय वादकांसह 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' या रचनांचे मुद्रण केले. ते अनेक दशके अप्रकाशित राहिले; संग्राहकांपर्यंत पोहोचले ते चोरवाटेनेच. अखेर २०१५ मध्ये 'कोडा'च्या विस्तारित आवृत्तीत त्याला अधिकृत स्थान मिळाले.

अधिकृत प्रकाशनांमुळे बूटलेग निरुपयोगी ठरतील, हा अंदाज मात्र पुरता खरा ठरला नाही. २००३ मध्ये आलेल्या 'हाउ द वेस्ट वॉज वन'मध्ये पेज यांनी जून १९७२ मधील लॉस एंजलिस आणि लाँग बीच येथील दोन रात्रींची मुद्रणे जोडून एकच मैफल उभी केली. ध्वनीच्या दृष्टीने ती सरस आहे. परंतु २५ जूनच्या रात्री प्रत्यक्षात काय आणि कोणत्या क्रमाने वाजले, हे जाणून घ्यायचे तर 'बर्न लाइक अ कँडल' या चोरट्या मुद्रणाकडेच वळावे लागते.

ही मुद्रणे आता संगणकावर सहज ऐकता येतात. तरीही तबकडीच शोधणारे आहेत. त्यांना संगीताइतकीच ती वस्तू आणि तिची वंशावळ हवी असते. शोधाला पूर्वी कॅनडातून निघणाऱ्या 'हॉट वॅक्स' या सूचिग्रंथाचा आधार असे. आज डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर बूटलेगची तपशीलवार नोंद सापडते, पण तेथे त्यांच्या विक्रीला मनाई आहे. खरेदी होते ती जुन्या तबकड्यांच्या जत्रांत आणि परस्पर ओळखीवर. अशा व्यवहाराला पावती नसते. तबकडी प्रकाशात तिरकी धरून मॅट्रिक्स क्रमांक वाचता येईपर्यंत अनुभवी ग्राहक पैशाच्या पाकिटाला हात लावत नाही.