दादाभाई नवरोजी मार्ग, मुंबई

दक्षिण मुंबईतील फोर्ट या व्यापारी विभागातून उत्तर-दक्षिण जाणारा प्रमुख रस्ता. पूर्वीचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, हे त्याचे उत्तरेकडील टोक आणि हुतात्मा चौक हे दक्षिणेकडील टोक असून लांबी सुमारे दीड किलोमीटर आहे. या अंतरात शहराची महानगरपालिका, सर्वांत मोठे रेल्वेस्थानक, कलाशाळा, वृत्तपत्राची कचेरी, अग्यारी, ग्रंथालय, महाविद्यालय आणि बँका एकापाठोपाठ एक येतात. स्वातंत्र्यपूर्व काळात हा रस्ता ‘हॉर्नबी रोड’ म्हणून ओळखला जाई. विल्यम हॉर्नबी हा 1771 ते 1784 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि वरळीच्या खाडीवरील बांधाशीही त्याचे नाव जोडलेले आहे. सध्याचे नाव दादाभाई नवरोजी (1825–1917) यांच्यावरून पडले. दादाभाई 1892 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सामान्यगृहात निवडून गेले आणि भारतातील संपत्तीचा ओघ ब्रिटनकडे कसा जातो, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. त्यांचा बसलेला पुतळा रस्त्याच्या दक्षिण टोकाशी, फ्लोरा फाउंटनजवळ आहे.

हा रस्ता मुळात ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदी घातलेल्या कोटाच्या आतला होता. कोटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन मुख्य दरवाजे होते. तटाबाहेर खंदक होता आणि त्यापलीकडे तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले मैदान होते, त्याचाच एक भाग आज आझाद मैदान म्हणून उरला आहे. आत वस्ती दाटत गेली आणि 1803 च्या आगीत कोटाचा मोठा भाग जळाला, तरी भिंती पुढे साठ वर्षे टिकल्या. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना (1862–67) त्या पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. तोवर तटबंदीला लष्करी अर्थ उरला नव्हता, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या चढ्या भावाने शहरात अमाप पैसा खेळत होता. 1865 मध्ये तो फुगवटा फुटला, पण तटबंदी गेल्याने मोकळी झालेली जमीन कायमची शहराच्या हाती आली. जुना अरुंद रस्ता रुंद झाला, दक्षिणेकडे चर्च गेटच्या जागी 1864 मध्ये रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिची मूर्ती असलेले कारंजे उभे राहिले आणि उत्तरेकडे 1869 मध्ये विल्यम एमर्सनच्या आराखड्यानुसार मंडई झाली.

उत्तर भागातील सार्वजनिक इमारती पुढच्या तीन दशकांतल्या आहेत. सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना 1857 ची असून तिची या रस्त्यावरील वास्तू 1878 मधील आहे. मराठी चित्रकला, शिल्पकला आणि सुरुवातीचा चित्रपट यांचा इतिहास या आवाराला वगळून लिहिता येत नाही, कारण म. वि. धुरंधर आणि दादासाहेब फाळके हे दोघेही येथे शिकले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने समोरासमोर दोन इमारती बांधल्या. पहिली व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिचे काम 1878 मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. दुसरी 1893 मध्ये पूर्ण झालेली महानगरपालिकेची इमारत. स्थानक उभे आहे तो परिसर बोरीबंदराचा असून 16 एप्रिल 1853 रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी येथूनच ठाण्याकडे निघाली होती. 2004 मध्ये युनेस्कोने स्थानकाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. समोरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीतून 1962 पासून ‘महाराष्ट्र टाइम्स’ हे मराठी दैनिक निघू लागले.

स्थानकापासून हुतात्मा चौकापर्यंतच्या टप्प्याला एकसंध रूप आले ते एका नियमामुळे. 1896 मधील नियमानुसार या रस्त्याला दर्शनी बाजू असलेल्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी, म्हणजे वर इमारतीचे मजले आणि रस्त्याकडे खांब-कमानी असलेला छपराखालचा पदपथ, ठेवणे बंधनकारक झाले. वरच्या मजल्यांच्या शैलीवर मात्र तसे बंधन नव्हते. त्यामुळे कुठे गॉथिक टोकदार कमानी, कुठे नवअभिजात शैलीचे खांब, कुठे भारतीय-इस्लामी घुमट, असे वैविध्य असूनही चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर रस्ता एकच वाटतो. खासगी मालकीच्या जमिनीवर सार्वजनिक वाट मिळवून देणारा हा नियम मुंबईच्या नगररचनेतील सर्वांत दूरदर्शी निर्णयांपैकी एक मानावा लागेल. जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याची उपयुक्तता आजही प्रत्ययास येते. जवळून पाहिल्यास ओवरीच्या बांधकामात मालाडचा पिवळसर दगड, काळा बेसाल्ट आणि पोरबंदरचा फिकट चुनखडक यांची सरमिसळ दिसते, कमानीच्या माथ्यावरील मधल्या दगडावर पाने-फुले वा मुखवटे कोरलेले आढळतात आणि वरच्या सज्ज्यांना नक्षीदार तीरांचा, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या टेकूंचा, आधार असतो.

या टप्प्यावर पारशी समाजाची छाप ठळक आहे. 1881 मधील वाच्छा अग्यारीच्या दर्शनी भागावर प्राचीन इराणी-असिरियन धाटणीच्या, मानवी मुखाच्या पंखधारी बैलांच्या आकृती आहेत. जे. एन. पेटिट ग्रंथालयाचे मूळ 1856 मध्ये पारशी तरुणांनी सुरू केलेल्या वाचनालयात असून त्याची सध्याची वास्तू 1898 ची आहे. गोऱ्या ग्राहकांसाठी चालणाऱ्या ‘व्हाइटअवे लेडलॉ’ या बड्या दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, हा बदल त्या काळाचे राजकारण फार थोड्यात सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 मध्ये सुरू झाले आणि ते याच रस्त्यावर आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तरुणांसाठी वर्गांच्या वेळा सोयीच्या ठेवण्याचे त्याचे धोरण व्यापारी पेठेतील या जागेशी नीट जुळले.

राजकीय स्मृतींच्या दृष्टीने दक्षिण टोक विशेष महत्त्वाचे आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटन परिसरात जमलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. या चळवळीत प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ तेथे मशालधारी शेतकरी व कामगाराचे शिल्प उभारण्यात आले आणि चौकाला हुतात्मा चौक असे नाव मिळाले. बसच्या पाटीवर हुतात्मा चौक असले, तरी बोलताना पुष्कळ जण अजूनही ‘फाउंटन’च म्हणतात. वाहतुकीच्या इतिहासात 1874 मध्ये आलेली घोड्यांची ट्राम, 1907 मध्ये आलेली विजेची ट्राम आणि 31 मार्च 1964 रोजी झालेला तिचा शेवट हे या परिसरातील ठळक टप्पे होत. अलीकडे कारंज्याच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ आढळले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारतींची अवस्था ढासळली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, घरमालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि पागडीच्या, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याच्या, व्यवहारात जबाबदारी नेमकी कोणाची हेच धूसर झाले. कमानींवर मोठमोठ्या पाट्या चढल्या, विजेच्या तारा व वातानुकूलन यंत्रांनी दगडी कोरीवकाम झाकले. 1995 मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. त्यानंतर वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने या रस्त्याच्या दृश्यरूपाचा आराखडा तयार झाला. त्यात दुकानांच्या पाट्या कमानीच्या आकारात बसवणे, माथ्यावरील कोरीव दगड मोकळे ठेवणे आणि पदपथावरील दिवे-बाके यांना एकसारखे रूप देणे अशा साध्या, कमी खर्चाच्या उपायांवर भर होता. दुकानदार आणि भाडेकरू यांना सोबत घेतल्यामुळे काम पुढे सरकले, आणि हीच या प्रयोगाची खरी कमाई होय.

आज या रस्त्यावर दिवसा कचेऱ्यांचा आणि लोकल गाड्यांच्या प्रवाशांचा लोंढा असतो, तर रात्री नऊनंतर तो बराचसा ओस पडतो. ओवऱ्यांमध्ये घड्याळे, अत्तरे, मोबाइलची आवरणे, पट्टे आणि पाकिटे विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या रांगा आहेत. त्यांचा व्यवसायाचा हक्क आणि पादचाऱ्यांचा वाटेचा हक्क यांतील तिढा सुटलेला नाही, मात्र तो फक्त हकालपट्टीच्या मोहिमांनी सुटत नाही, हे वारंवार दिसले आहे. 14 मार्च 2019 रोजी स्थानकाला जोडणारा पादचारी पूल या रस्त्यावर कोसळून जीवितहानी झाली, तेव्हा पायी चालणाऱ्यांच्या सोयींची देखभाल किती दुर्लक्षित आहे ते उघड झाले. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक ही स्थानके सुरू झाली असून त्यामुळे येथे पायी चालणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. त्या दृष्टीने ओवऱ्यांची फरशी, पायऱ्या आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा यांची दुरुस्ती दर्शनी भागांच्या दुरुस्तीइतकीच निकडीची आहे, आणि महानगरपालिकेने ती इमारतमालकांवर न सोडता स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतली पाहिजे.