वहीत नसलेली सही

शाळेत असताना मला पुढाऱ्यांच्या सह्या जमवायचा नाद होता. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूरच्या रस्त्यावरचे. आषाढीच्या महापूजेला मुख्यमंत्री पंढरपूरला जात. आमच्या फाट्यावर हार घ्यायला गाड्या दोन मिनिटे थांबत. तेवढ्यात मी वही घेऊन पुढे घुसायचो. निवडणुका आल्या की विश्रामगृहाच्या फाटकाशी तासन् तास उभा. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाने कॉलर धरून मागे ओढले होते. तरी वही भरत गेली. वसंतदादा पाटील मिळाले, शंकरराव चव्हाण मिळाले. सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख यांच्यासाठी तर काहीच यातायात पडली नाही. ते एसटीने फिरायचे. स्टँडवर गाठले, सही झाली.

मी दहावीला असताना एका रात्री ती वही मोठ्या ऐटीत अब्बांपुढे ठेवली. अब्बांनी हयात मस्टर कारकून म्हणून काढली. त्यांनी एकेक पान शांतपणे उलटले आणि विचारले, "पागेसाहेबांची कुठाय?"

"कोण पागे?" मी म्हणालो.

अब्बा उठले. ट्रंकेतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. बहात्तरच्या दुष्काळातल्या हजेरीची ती कच्ची नक्कल होती. नावांपुढे सह्या दोन-तीनच, बाकी सगळे अंगठे. त्यांतला एक माझ्या फुफीचा. मी तेव्हा दोन वर्षांचा. खडी फोडायला जाताना ती मला सोबत न्यायची आणि तिथे मिळणारी सुकडी भरवायची. घरात मिलोची लाल भाकरी होती, तीही पुरत नव्हती. "त्या साली कामं निघाली नसती तर तू आज सह्या जमवायला नसतास," अब्बा म्हणाले.

मग त्यांच्याकडून आणि पुढे वाचनातून पागे कळत गेले. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. १९६० ते १९७८ अशी १८ वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या ज्या माणसाची अंगमेहनत करायची तयारी आहे त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ती मेहरबानी नव्हे, असा त्यांचा आग्रह. १९६५च्या सुमारास तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तिला पाठबळ दिले आणि १९७२ साली योजना राज्यभर नेण्याचे ठरले. त्याच वर्षी पाऊस गेला. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते, खडी, जे निघेल ते काम.

दुष्काळ सरला, पण कल्पना टिकली. पैसा उभा करण्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघू लागली. १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, असे सरकारने स्वतःला बांधून घेतले. कामावर बाया मोठ्या संख्येने असत. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

सगळे गोडच होते असे नाही. खोटी नावे लागत, मजुरी महिना महिना अडकून पडे. अब्बा घरी येऊन चिडायचे ते याच गोष्टींवर. पण काम मागायला गेलेला माणूस भीक मागायला आलेला नाही, हे कागदावर आले होते. कागदावर आले म्हणूनच त्यासाठी भांडता येत होते.

पागेसाहेबांची सही आणायची, असे मी त्या रात्री ठरवले. शेवटचे पान कोरे ठेवले. पण ते सभापतिपदावरून केव्हाच उतरले होते. आमच्या फाट्यावर त्यांची गाडी थांबणार नव्हती. आपणच जायला हवे होते. दहावी झाली, बारावी झाली, बी.ए. झालो. जाऊ जाऊ म्हणता राहिले. १९९०मध्ये पागे गेले.

१९९९मध्ये गणपतराव देशमुख रोजगार हमी खात्याचे मंत्री झाले, तेव्हा बऱ्याच वर्षांनी ती वही काढून पाहिली. ज्यांच्यासाठी मी धक्के खाल्ले होते, त्यांतली काही नावे मलाच लागेनात.

आता अब्बा नाहीत, फुफीही नाही. कविसंमेलनानंतर एखादे पोर वही पुढे करते आणि मी माझे नाव मराठीत लिहून देतो. त्या वेळी हात जरा अवघडतो. माझ्या वहीचे शेवटचे पान अजून कोरेच आहे. त्यात अब्बांचा तो अंगठ्यांचा कागद घडी करून ठेवला आहे.