शरणागत ससा

मराठी गद्याच्या अगदीं उगमापाशीं एक ससा बसलेला आहे, ही गोष्ट आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षितांच्या ध्यानांत नसते. लीळाचरित्रांत ती कथा आहे. श्रीचक्रधरस्वामी एकाकी संचार करीत असतां एका वृक्षाखालीं बसले होते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढें जीव घेऊन धांवणारा ससा त्यांच्या गुडघ्याखालीं शिरला. पारध्यांनीं येऊन आपला ससा मागितला. स्वामींनीं तो दिला नाहीं. शरण आलेला जीव परत द्यावयाचा नसतो, असें त्यांनीं त्या मंडळींस सौम्यपणें समजाविलें, आणि तीं माणसें शिकार टाकून गेलीं. मग स्वामींनीं गुडघा उचलला आणि सशाला, एखाद्या थोर पुरुषास संबोधावें तसें संबोधून, आतां जा म्हणून सांगितलें.

ह्या कथेचा वऱ्हाडाशीं संबंध आहे तो लेखनामुळें. म्हाइंभटांनीं शके १२०० च्या (इ. स. १२७८) सुमारास स्वामींच्या आठवणी ग्रंथांत गुंफल्या त्या अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास, नागदेवाचार्यांच्या सहवासांत. पुढें तो ग्रंथ सांकेतिक लिपींच्या कुलुपांत राहिला. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून नागपुरास तो छापावयास घेतला, आणि वि. भि. कोलते यांनीं संपादिलेली प्रत १९७८ सालीं निघाली. त्याच रिद्धपुरास आतां मराठी भाषेचें विद्यापीठ स्थापन झालें आहे.

लीळेचें विवेचन करणारे बहुतेक जण शरणागताच्या रक्षणापाशीं थांबतात. आम्हांस तिचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. स्वामींनीं ससा वांचविला, परंतु ठेवून घेतला नाहीं. झोळींत घातला नाहीं, कीं गांवांत कोणाच्या हवालीं केला नाहीं. विदर्भांत ही जाणीव त्याहूनहि जुनी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथील शिलालेखाचा अभ्यास महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केला आहे. तो लेख अशोकाच्या काळचा, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकांतला, मानतात. त्यांतील आज्ञा प्राण्यांस मारण्याची मनाई करते, तशीच पकडण्याचीहि. मारणारा आणि बांधणारा ह्या दोघांना तेथें एकाच पंक्तीस बसविलें आहे. आमच्या हौशी पिंजरेवाल्यांनीं ही पंक्ति एकदां पाहावी.

परंतु अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांतून मुलाच्या वाढदिवशीं जो पांढरा, तांबड्या डोळ्यांचा जीव घरीं येतो, तो लीळेंतला ससा नव्हे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांत ससा म्हणजे रानांतला ससा. इंग्रज ज्याला हेअर म्हणतो तो. हा पांढरा प्राणी रॅबिट. त्याचें मूळ घर स्पेन-पोर्तुगालकडे. रोमन लोक त्याला भिंतींच्या आवारांत मांसासाठीं ठेवीत, आणि माणसाळल्यावर तो जगभर पसरला. आमच्या भाषेनें ह्या परदेशी पाहुण्यास जुन्याच नांवाखालीं घेतलें. नांव एक झालें तरी रक्त एक झालें नाहीं. एकाचीं गुणसूत्रें ४८, दुसऱ्याचीं ४४. दोहोंचा संकर होत नाहीं. रॅबिटचीं पिलें बिळांत, केसांवांचून आणि मिटल्या डोळ्यांनीं जन्मतात. रानसशाचीं पिलें उघड्या शेतांत, केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात.

शब्दाच्या ह्या एकपणानें दोन्ही जातींचा घात केला आहे. मुलाचा उत्साह महिन्याभरांत ओसरतो, घरांत वास येऊं लागतो, आणि मग वडील मंडळी, ससा रानांतलाच, रानांत सोडला तर पुण्यच लागेल, अशा समजुतीनें त्यास पोहऱ्याच्या जंगलाकडे किंवा एखाद्या बागेंत सोडून येतात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेला तो पांढरा जीव कुत्र्या-मांजरांपुढें एक रात्र टिकणेंहि कठीण. येथें गुडघा उचलणें म्हणजे पारध्याचेंच काम करणें होय. मुंबईस १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगा झाला, त्यानंतर १८३४ मध्यें तेथें पांजरपोळाची स्थापना झाली; वऱ्हाडांतील गोरक्षणें गाईबैलांसाठीं निघालीं. सशाची सोय अशा गोठ्यांत होण्यासारखी नाहीं, त्याला घरच पाहिजे. म्हणून टाकलेले ससे उचलून कांहीं दिवस स्वतः सांभाळणारीं आणि मग पारखून दुसऱ्या घरीं देणारीं तरुण मंडळी आमच्या मतें लीळेचा अर्थ कित्येक प्रवचनकारांपेक्षां अधिक जाणतात.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे टाकतो, आणि ३० अंशांच्या आसपासच त्याला त्रास होऊं लागतो. अकोल्याचा वैशाख ४५ अंशांचा! तेथें पत्र्याखालीं ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टीच. फरशीची थंड खोली, कूलरचा वारा, टेकून बसावयास पाण्यानें भरलेलें मडकें, एवढें तरी हवें. चित्रांतल्या गाजरावर त्याचें पोट चालत नाहीं. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजावयास आणि आंतडें चालूं राहावयास वाळलेलें गवत हेंच त्याचें मुख्य अन्न, आणि अर्धा-एक दिवस त्यानें खाणें टाकलें तर पशुवैद्याकडे धांवावें लागतें. मादी सुमारें ३१ दिवसांत विते आणि लगेच पुन्हां गाभण राहूं शकते. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षें जगतो. दत्तक मागणाऱ्या घरास हा आकडा प्रथम सांगावा. पुष्कळ जण तेथूनच परततील, आणि तें बरेंच.

रानसशाची गोष्ट नेमकी उलटी. हरभऱ्याच्या सोंगणींत एकटें दडून बसलेलें पिलूं सांपडतें, आई टाकून गेली असें वाटून कोणी तें घरीं पोरांना नेऊन देतो, आणि बशींतल्या गाईच्या दुधावर तें बहुधा दोन-तीन दिवसांत मरतें. आई गेलेली नसते. आपल्या मागानें कोल्ही-कुत्रीं पिलापर्यंत पोंचूं नयेत म्हणून ती दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ येऊन पाजून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्या सशास संरक्षण दिलें आहे. त्याला घरीं पाळतां येत नाहीं. पिलूं जखमी असेल तर वनखात्यास कळवावें. नसेल तर तेवढ्या जागेपुरतें पीक उभें ठेवावें, कुत्रें बांधावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं धुऱ्यावरून निघून यावें.