जर्दाळू बोटी
फळाच्या आंबटगोड रसात मंद शिजवलेल्या मांसाचा पारशी पदार्थ. मांस बहुधा मटण. कांदा, आले-लसूण आणि मसाल्यात परतलेल्या बोट्या झाकण ठेवून मंद आचेवर शिजू देतात. चिवट तुकड्यांतले कोलॅजेन विरघळते आणि रस्सा बोटांना चिकटण्याइतका दाट होतो. भिजवलेले जर्दाळू, गूळ व सिरका शेवटी घालतात, नाहीतर फळाचा लगदा होतो. वर बटाट्याची कुरकुरीत सल्ली.

खान्देशात, म्हणजे जळगाव-धुळ्यात, मांसाला अशी फळाची जोड देत नाहीत. तिथे गोमांसाचा तर प्रश्नच नाही : १९७६ च्या राज्य कायद्याने गाईची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली. तिथे ‘बडे का गोश्त’ म्हणजे म्हशीचे. मंद शिजवलेल्या मांसाच्या निहारीत आंबटपणा येतो तो वरून पिळलेल्या लिंबाचा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या, काळ्या मसाल्याच्या झणझणीत खान्देशी रश्श्याला फळाची गोडी मानवत नाही.