सापाची मावशी

पौषातले दिवस. रहिमतपूरच्या शिवारात आल्याची काढणी चालली होती. शनिवारची शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याच्या रानात मी सहज डोकावलो. कुदळीने उलथलेल्या ढेकळातून शिसपेन्सिलीएवढे काहीतरी वळवळत निघाले. ‘साप, साप’ असा गलका झाला आणि माझ्या हातची काठी खाली आली. चार माणसांत गुरुजींना धीट दिसावे लागते! पोरगा खाली वाकला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्याला पाय हायती की!”

होते खरेच. काडीच्या कपच्यांसारखे चार, असून नसल्यासारखे. त्याची आजी बांधावरूनच म्हणाली, “सापाची मावशी ती. मारली ते बरं केलंत. लई इखारी.”

मॅट्रिकनंतर प्राणिशास्त्राशी माझा संबंध उरला नव्हता. पण ते पाय काही डोळ्यांपुढून हलेनात. पुस्तके धुंडाळली तेव्हा कळले की, ही सापसुरळी. गोत पाली-सरड्यांचे. आणि विषारी सापसुरळी जगात एकही नाही.

पाठीवर रेघा असलेल्या अशाच एका चिमुकल्या पायांच्या जातीला लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३९ साली ‘कियामेला’ म्हटले. १८८७ त बूलांजे यांनी तिला ‘लायगोसोमा’ कुळात घातले. १९३५ त माल्कम स्मिथ यांनी ‘रिओपा’त नेले. (हे स्मिथ सयामच्या राजदरबारी डॉक्टर होते, नाडी पाहता पाहता सरडेही पाहत असावेत.) पुढे ती पुन्हा लायगोसोमा झाली आणि २०१९ मध्ये परत रिओपा. आपल्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीचे नाव एकदाच बदलते. हिचे बारसे काही संपेना.

भुसभुशीत मातीत शिरताना पाय अडखळतात. अंग लांबट व गुळगुळीत असेल तर नाकाने वाट करून, नागमोडी वळत पुढे सरकता येते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाय झिजत गेले. सापसुरळ्यांच्या कुळात हे एकदा नव्हे, निरनिराळ्या शाखांत अनेकदा घडले आहे. ओरिसातील चिल्का सरोवरात बरकुडा नावाचे बेट आहे. तिथली एक जात तर पाय पार टाकूनच बसली. १९१६ साली कलकत्त्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था निघाली, तिचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल. त्यांनी १९१७ त या जातीचे वर्णन छापले व बेटावरूनच तिला ‘बरकुडिया’ नाव दिले. अर्थात तीही अखेर स्पिरिटच्या बाटलीतच गेली म्हणा. पण तिची नोंद झाली. माझ्या काठीखालची नुसतीच मेली.

हे सारे मी वर्गात सांगितले, काठीसकट. पोरे हसली नाहीत.

पुढच्या पौषात त्याच वाफ्यात आणखी एक निघाली. पोराने ती ढेकळासकट ओंजळीत उचलली नि बांधावरच्या पाचोळ्यात सोडली. आजी ओरडत राहिली, “अरं, हात धू आधी!”